ट्युनिशियन क्रोशे : कड ओढली जाते, वळते किंवा किनारीला लाटा पडतात, तेव्हा काय तपासावे?

ट्युनिशियन क्रोशे म्हणजे ओळीतले सगळे टाके आधी सुईवर साठवून मग परतताना एकेक सोडण्याची वीण. हे काम संपत आले की बहुतेक विणणाऱ्यांना तीच ती अडचण पुन्हा पुन्हा येते. मधला भाग सुरेख, घट्ट आणि एकसारखा दिसतो. पण डावी बाजू आत ओढलेली असते, उजव्या बाजूला सैल टाक्यांची रांग लोंबते, खालची कड पुढे वळून गुंडाळली जाते, आणि हे सगळे झाकण्यासाठी भोवतीने विणलेली किनार एक तर झालरीसारखी फुलते किंवा संपूर्ण काम खोलगट करून टाकते. मग किनार उसवली जाते, वेगळ्या नमुन्याची किनार घातली जाते आणि तोच दोष पुन्हा वर येतो.

असे होण्याचे कारण बहुतेक वेळा किनारीत नसते. ट्युनिशियन कापडाच्या चारही कडा रचनेने एकमेकींपासून वेगळ्या असतात. खाली पायाची साखळी असते, वर बंद केलेले टाके असतात, एका बाजूला ओळ सुरू होते आणि दुसऱ्या बाजूला ती परत फिरते. या चारही ठिकाणी धाग्याची गुंफण वेगळी असल्यामुळे दोषाचे कारणही वेगळे असते आणि उपायही वेगळा लागतो. चारही बाजूंना एकच मोजमाप लावून किनार विणली तर ती कुठे ना कुठे बिघडणारच. म्हणून येथे आधी दोष कोणत्या कडेवर आणि कोणत्या ओळीत जन्मतो ते पाहिले आहे, आणि किनारीचा विचार त्यानंतर केला आहे. वर्णन उजव्या हाताने विणणाऱ्यांना धरून आहे. डाव्या हाताने विणणाऱ्यांनी उजवी आणि डावी बाजू अदलाबदल करून वाचावी.

किनारीला हात लावण्यापूर्वी

काम सपाट पृष्ठभागावर ओढाताण न करता पसरावे आणि रुंदी तीन ठिकाणी मोजावी : खालच्या कडेला, मध्यभागी आणि वरच्या कडेला. त्यानंतर डाव्या आणि उजव्या बाजूची उंची मोजावी, आणि पहिल्या व शेवटच्या ओळीतील टाके मोजावेत. एवढ्या मोजमापातून निदान जवळजवळ पूर्ण होते. खालची रुंदी मधल्या रुंदीपेक्षा कमी असेल तर पायाची साखळी घट्ट झालेली आहे. वरची कमी असेल तर टाके बंद करताना हात आवळला गेला आहे. डावी उंची उजवीपेक्षा कमी असेल तर परतीच्या ओळीची सुरुवात चुकते आहे. आणि टाक्यांची संख्याच बदलली असेल तर प्रश्न ताणाचा नसून टाका सुटण्याचा किंवा वाढण्याचा आहे, जो कोणतीही किनार दुरुस्त करू शकत नाही.

डावी कड : सर्वाधिक दोष येथेच होतात

ट्युनिशियन क्रोशेमध्ये प्रत्येक ओळ दोन टप्प्यांत पूर्ण होते. जाताना उजवीकडून डावीकडे टाके उचलून सुईवर साठवले जातात आणि परतताना काम न उलटता ते एकेक करून सोडले जातात. या दोन टप्प्यांचा सांधा डाव्या कडेवर असतो, आणि तेथे दोन वेगवेगळ्या चुका होऊ शकतात. त्या वरवर सारख्याच दिसतात, म्हणून त्या वेगळ्या ओळखणे महत्त्वाचे आहे.

पहिली चूक शेवटचा टाका उचलताना होते. त्या टाक्याची उभी दांडी, म्हणजे टाक्याचा उभा दिसणारा धागा, कापडाच्या कडेला मागच्या बाजूस वळलेली असते, त्यामुळे ती पटकन दिसत नाही. ती सुटली की त्या ओळीत एक टाका कमी होतो आणि कड पायरीपायरीने आत सरकते. ती दिसली तरी अनेक जण इतर टाक्यांप्रमाणेच सुई केवळ पुढच्या दांडीखालून घालतात. तेव्हा संख्या बरोबर राहते, पण कडेला सैल, लांबट धागे सुटे दिसतात आणि पुढे किनार विणताना तेथे भोके पडतात. शेवटच्या टाक्यात सुई पुढची दांडी आणि तिच्या लगत मागे असलेला धागा अशा दोन्हींखालून घालावी. ते नीट दिसावेत म्हणून कड डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने धरून किंचित आपल्याकडे वळवावी. दोन्ही धागे शेजारी शेजारी दिसतात. असे प्रत्येक ओळीत केले की डाव्या कडेला साध्या साखळीसारखी स्वच्छ वेणी तयार होते, आणि तीच पुढे किनारीचा आधार बनते.

दुसरी चूक परतीच्या पहिल्या हालचालीत असते. परतीची ओळ सुरू करताना धाग्याचा वेढा घेऊन तो आधी सुईवरच्या केवळ एकाच टाक्यातून काढावा लागतो, म्हणजेच एक साखळी घालावी लागते. त्यानंतर दर वेळी वेढा घेऊन तो दोन टाक्यांतून काढायचा असतो. ही पहिली साखळी विसरून थेट दोन टाक्यांतून धागा काढला तर शेवटच्या टाक्याला ओळीची पूर्ण उंची मिळत नाही. एका ओळीत हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण तो प्रत्येक ओळीत साठत जातो आणि काम डाव्या बाजूला कमानीसारखे वाकते. साखळी घातली पण फार आवळून घातली तरी परिणाम तोच होतो, फक्त सावकाश. काही विशिष्ट नमुन्यांत ही साखळी मुद्दाम वगळलेली असते, तेथे नमुन्याचेच ऐकावे. पण साध्या आयताकृती कामात डावी उंची उजवीपेक्षा कमी भरली तर संशय प्रथम या साखळीवर घ्यावा.

दोन्ही चुकांमधला फरक टाके मोजून कळतो. संख्या घटली असेल तर शेवटची दांडी सुटली आहे. संख्या कायम असून कड वाकली असेल तर परतीची साखळी दोषी आहे.

उजवी कड

परतीची ओळ संपताना सुईवर एक टाका उरतो आणि तोच पुढच्या ओळीचा पहिला टाका असतो. म्हणून त्याच्या थेट खालची दांडी सोडून तिच्या शेजारच्या दांडीपासून टाके उचलायचे असतात. ती पहिली दांडीही उचलली तर प्रत्येक ओळीत एक टाका वाढतो आणि उजवी बाजू बाहेर सरकत जाते.

उजव्या कडेची नेहमीची तक्रार मात्र सैलपणाची असते. सुईवर उरलेला तो टाका पुढचा टाका उचलताना ताणला जातो आणि तसाच राहतो. यावरचा उपाय सोपा आहे : ओळीतील दुसरा टाका उचलल्यावर क्षणभर थांबून चालू धागा हलकेच ओढावा, म्हणजे पहिला टाका सुईच्या जाडीइतका बसतो. जोरात ओढू नये, कारण मग उजवी बाजू आखडते. रंग बदलत विणलेल्या कामात हीच काळजी कडेने वर नेलेल्या धाग्याचीही घ्यावी. तो ओळीच्या उंचीपेक्षा तोकडा पडला तर पट्टे असलेल्या भागातच कड चुणते.

खालची आणि वरची कड

पायाची साखळी घालण्यासाठी कामाच्या सुईपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर जाड सुई घेणे हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो, कारण «सैल हाताने साखळी घाला» या सल्ल्याने प्रत्येक साखळी वेगवेगळ्या मापाची होते. पहिल्या ओळीत टाके साखळीच्या मागच्या बाजूला असलेल्या आडव्या उंचवट्यातून उचलावेत. असे केल्याने साखळीच्या पुढचे दोन्ही धागे खालच्या कडेला मोकळे राहतात, कड वरच्या बंद केलेल्या कडेसारखी दिसते आणि किनारीचे टाके घालायला सरळ जागा मिळते. शिवाय खालची कड वळण्याचे प्रमाणही काहीसे कमी होते.

वरच्या कडेवर शेवटच्या ओळीनंतर टाके बंद करणे आवश्यक असते. ते न करता धागा तोडला तर उभ्या दांड्यांमध्ये फटी राहतात आणि वरची कड खालच्या कडेपेक्षा विरळ दिसते. टाके बंद करताना सुई नमुन्याप्रमाणेच घालावी : साध्या ट्युनिशियन टाक्यात पुढच्या दांडीखालून, सुलट टाक्यात पुढच्या व मागच्या दांडीच्या मधून आरपार, उलट टाक्यात धागा पुढे ठेवून. वेढा घेऊन तो दांडीतून आणि सुईवरच्या टाक्यातून एकदमच बाहेर काढावा. सगळ्या नमुन्यांना एकाच पद्धतीने बंद केले तर शेवटची ओळ परक्या पट्टीसारखी वेगळी उठून दिसते. शेवटचा टाका येथेही दोन्ही धाग्यांखालूनच घ्यावा.

बंद करण्याची ही पद्धत स्वभावतः घट्ट आहे. वरची रुंदी मधल्यापेक्षा कमी भरत असेल तर तेवढीच ओळ उसवून एक मिलिमीटर जाड सुईने पुन्हा बंद करावी, किंवा मुका खांब म्हणजे सिंगल क्रोशे घालत बंद करावी. मुक्या खांबाने बंद केल्यास किनारीची पहिली फेरीही त्याच कडेवर आपोआप तयार होते. भोवतीने किनार घालायचीच असेल तर मी हाच मार्ग निवडते.

कड वळते ती किनारीने थांबत नाही

साध्या ट्युनिशियन टाक्यात उभ्या दांड्या पुढे असतात आणि परतीच्या ओळीचे बहुतेक आडवे धागे त्यांच्या मागे साठतात. पुढची आणि मागची बाजू सारख्या ताणाची नसल्यामुळे कापड पुढच्या बाजूला वळते. सुलट टाक्यात हे आणखी जाणवते. त्यामुळे थोडे वळणे हा चुकीचा पुरावा नव्हे. तो या विणीचा स्वभाव आहे. पण सुई धाग्याच्या मानाने बारीक असेल तर तोच स्वभाव हाताबाहेर जातो. धाग्याच्या वेष्टनावर ४ मिलिमीटरची सुई सुचवली असेल तर ट्युनिशियन कामासाठी ५.५ किंवा ६ मिलिमीटरची सुई घेणे रास्त ठरते, आणि परतीची ओळ जाणाऱ्या ओळीपेक्षा थोडी मोकळ्या हाताने विणावी.

वळणाऱ्या कडेवर एका फेरीची नाजूक किनार घातली तर ती किनारही कापडासोबत वळते. जड किनार घातली तर वळण्याची रेषा केवळ आत सरकते, आणि किनार व कापड यांच्या सांध्यावर घडी पडते. हे टाळायचे असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन ओळी आणि शेवटच्या दोन-तीन ओळी उलट टाक्याने किंवा मागच्या दांडीतून उचललेल्या टाक्याने विणाव्यात. या टाक्यांत धाग्याचे वजन पुढच्या बाजूला येते आणि ते साध्या टाक्याच्या ओढीला विरोध करते. काम आधीच पूर्ण झाले असेल तर ब्लॉकिंग (काम भिजवून किंवा वाफ देऊन, पिनांनी मापात बसवणे) आणि त्यानंतर मुक्या खांबाच्या किमान तीन-चार फेऱ्यांची किनार एवढाच पर्याय उरतो. सौम्य वळण त्याने बसते. पण कापड पुठ्ठ्यासारखे कडक झाले असेल आणि पसरताच गुंडाळले जात असेल, तर जाड सुईने पुन्हा विणणे हाच प्रामाणिक सल्ला देता येईल.

किनारीचे गणित

मुख्य भाग निर्दोष असूनही किनार बिघडते तेव्हा कारण जवळजवळ नेहमी टाक्यांच्या संख्येत असते. «प्रत्येक ओळीत एक टाका घाला» हा नियम सर्रास सांगितला जातो, पण तो योगायोगानेच बरोबर ठरतो. ट्युनिशियन ओळीची उंची नमुना, सुई आणि हाताच्या ताणाप्रमाणे बदलते, आणि किनार तर बहुधा बारीक सुईने विणली जाते. तेव्हा दोन गोष्टी मोजाव्यात : मुख्य भागाच्या १० सेंटिमीटर उंचीत किती ओळी बसतात, आणि किनारीच्या विणीचे १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात.

समजा मुख्य भागात १० सेंटिमीटरला १४ ओळी आहेत आणि किनारीचे मुके खांब १० सेंटिमीटरला १६ बसतात. म्हणजे १४ ओळींवर १६ टाके, अर्थात दर ७ ओळींवर ८ टाके. ८४ ओळींची बाजू असेल तर तिची उंची ६० सेंटिमीटर होते आणि तिच्यावर ९६ टाके लागतात. सहा ओळींत एकेक आणि सातव्या ओळीत दोन, असे बारा वेळा केले की संख्या जुळते. येथे प्रत्येक ओळीत एकच टाका घातला असता तर बारा टाके कमी पडून बाजू आखडली असती. याउलट, सुलट टाक्याच्या दाट कामात १० सेंटिमीटरला २० ओळी आणि किनारीचे १५ टाके असे प्रमाण आले तर दर ४ ओळींवर ३ टाकेच घालावेत, म्हणजे प्रत्येक चौथी ओळ सोडावी. तेथे प्रत्येक ओळीत टाका घातल्यास झालर पडणे अटळ आहे.

हेच गणित वरच्या आणि खालच्या कडेलाही लागू होते, आणि ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. तेथे टाके समोर दिसतात म्हणून प्रत्येकात एक टाका घालण्याचा मोह होतो. पण मुख्य भाग ६ मिलिमीटरच्या सुईने आणि किनार ४.५ मिलिमीटरच्या सुईने विणत असाल तर किनारीचे टाके अरुंद असतात, आणि संख्या तीच ठेवली तर वरची कड आत ओढली जाते. अशा वेळी प्रमाण काढून ठरावीक अंतराने एक टाका वाढवावा, किंवा पहिल्या फेरीपुरती सुई जाड घ्यावी.

लांब बाजूवर मोजत राहणे कंटाळवाणे होते आणि चूक शेवटी कळते. त्याऐवजी प्रत्येक बाजूचे चार किंवा आठ समान भाग करून खुणेच्या पिना लावाव्यात आणि प्रत्येक भागात सारखेच टाके घालावेत. समोरासमोरच्या बाजूंची एकूण संख्या समान हवी. एवढी काळजी घेतली तर पुढच्या फेऱ्यांत कोणताही नमुना घातला तरी तो दोन्हीकडे सारखाच बसतो.

सुई कुठे घालावी, हेही ठरवून घ्यावे. डाव्या कडेला वेणीच्या दोन्ही धाग्यांखालून सुई घातल्यास टाके घट्ट बसतात. एकाच बाहेरच्या धाग्याखालून घातल्यास तो ताणून भोके पडतात. उजव्या कडेला एकेरी दांडी सैल असेल तर सुई तिच्यातून मागून पुढे घालावी, म्हणजे दांडीला पीळ बसून भोक बंद होते. कोणतीही पद्धत निवडली तरी ती बाजू संपेपर्यंत बदलू नये.

वेगळ्या रंगाची किनार हवी असली तरी पहिली फेरी मुख्य भागाच्याच रंगाने विणावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वेगळा रंग थेट कडेवर घातला की प्रत्येक टाका कापडात किती खोल शिरला आहे ते ठळक दिसते, आणि एरवी कोणाच्या लक्षातही न येणारा असमानपणा उठून दिसतो. त्याच रंगाची एक फेरी कडेला सरळ रेषा देते. दुसरा रंग त्या रेषेवर निर्धास्तपणे सुरू करता येतो.

कोपरे

मुक्या खांबाच्या किनारीत प्रत्येक कोपऱ्यावर एकाच जागी ३ टाके घालावेत आणि पुढच्या प्रत्येक फेरीत त्या तिघांतील मधल्या टाक्यात पुन्हा ३ टाके घालावेत. यामुळे दर कोपऱ्याला २, म्हणजे चार कोपऱ्यांच्या कामात प्रत्येक फेरीला ८ टाके वाढतात. बाजू सपाट आहेत पण कोपरे वर उचलले जातात, असे दिसले तर टाके कमी आहेत किंवा मधला टाका चुकून शेजारचा धरला गेला आहे. कोपरे फुलत असतील तर टाके जास्त आहेत. मधल्या टाक्यात खुणेची पिन ठेवून ती प्रत्येक फेरीत वर सरकवली तर ही चूक होत नाही. नवीन धागा कोपऱ्यावर कधीही जोडू नये. तो एखाद्या सरळ बाजूच्या मध्यावर जोडावा, कारण फेरी जोडल्याची जागा तेथे सहज लपते.

ब्लॉकिंग केव्हा करावे

माझ्या मते मुख्य भागाचे ब्लॉकिंग किनारीपूर्वी करावे. ओल्या ब्लॉकिंगनंतर लोकरीचे कापड मोकळे होते आणि त्याचे माप बदलते. बदलण्यापूर्वीच्या मापावर काढलेले गणित नंतर चुकते. लोकरीचे काम थंड पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, पिना लावून पूर्ण वाळू द्यावे. ॲक्रिलिकला पाण्याने विशेष फरक पडत नाही, त्याला वाफ लागते. पण इस्त्री कापडाला न टेकवता काही सेंटिमीटर वरून वाफ द्यावी आणि हळूहळू द्यावी, कारण जास्त उष्णतेने ॲक्रिलिकचा धागा मऊ पडून लुळा होतो आणि तो पूर्ववत होत नाही.

आधीच विणलेली किनार बिघडलेली असेल तर ती पूर्ण उसवण्यापूर्वी दोष सगळीकडे आहे की एकाच बाजूला, ते पाहावे. चारही बाजूंना लाटा असतील तर टाके तेवढेच ठेवून अर्धा मिलिमीटर बारीक सुई वापरूनही काम भागू शकते. केवळ डाव्या-उजव्या बाजूंना लाटा असतील तर ओळींचे प्रमाण चुकले आहे आणि सुई बदलून उपयोग होणार नाही. पहिली फेरी सपाट असून तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून लाटा सुरू होत असतील तर कोपऱ्यांवर जास्त टाके वाढत आहेत. जे भाग पुढे एकमेकांना शिवायचे आहेत, उदाहरणार्थ स्वेटरची पाठ आणि पुढचे भाग, त्यांच्या शिवणीच्या कडांना किनार घालू नये; तेथे डाव्या कडेची वेणी आणि उजव्या कडेची दांडी समोरासमोर धरून शिवणे अधिक सपाट बसते, आणि गळा, बाह्यांची टोके व खालचा घेर यांची किनार शिवण झाल्यावर एकसलग विणता येते.